व्यायामाची आखणी सर्वांत वाईट दिवसासाठी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत व्यायाम आणि आहाराबद्दल जे सल्ले येतात, ते चुकीचे नसतात. अडचण एवढीच, की ते सुटीच्या दिवशीच्या माणसाला दिलेले असतात. पहाटे पाचला उठावे, तासभर चालावे, सावकाश न्याहारी करावी, रात्री साडेसातला जेवावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण ५४ किलोमीटर आहे आणि बदलापूर ६८. हे अंतर रोज दोनदा कापणारा माणूस संध्याकाळी साडेसातला घाटकोपर-ठाण्याच्या मध्ये एका हाताने कडी धरून उभा असतो. त्याला झोपायला साडेअकरा होतात. त्याने पाचला उठायचे म्हणजे झोप साडेपाच तासांवर आणायची. आठवडाभरात अंग मोडून येते, कामात चुका होतात आणि दहाव्या दिवशी गजर बंद होतो. मग तो स्वतःला आळशी म्हणू लागतो. त्याचे काहीच चुकलेले नसते. त्याला दिलेले वेळापत्रक त्याच्या दिवसात मावणारे नव्हते.

पावसाळा तोंडावर आला आहे. जानेवारीत चालायला लागलेली आणि मे महिन्याच्या उकाड्यातही टिकलेली मंडळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात थांबतात आणि गणपती झाले तरी परत सुरू करत नाहीत. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. व्यायामाची आणि जेवणाची आखणी चांगला दिवस समोर ठेवून करू नका. गाडी अर्धा तास उशिरा, मुलाला ताप, ऑफिसात महिनाअखेर, असा आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवशीही जे होईल तेवढेच ‘रोजचे’ म्हणून ठरवा. चांगल्या दिवशी जास्त करायला कोणाची आडकाठी नाही.

आधी गरज किती, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. याच सूचनांत एक महत्त्वाचा बदल झाला, तो अजून लोकांपर्यंत पोचलेला नाही. पूर्वी सलग दहा मिनिटे झाली तरच ती हालचाल धरायची, असा नियम होता. तो काढून टाकला गेला. म्हणजे चार मिनिटांचा भरभर चाललेला तुकडाही हिशेबात येतो. आणि ‘दहा हजार पावले’ हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तिथून तो आकडा जगभर गेला. सहा हजारांवर थांबलेल्या माणसाने त्यापायी हिरमुसून सगळेच सोडू नये.

दीडशे मिनिटे प्रवासातच निघतात. घर स्टेशनपासून दीड किलोमीटरवर असेल, तर भरभर चालत पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. भरभर म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही असा वेग, मिनिटाला साधारण शंभर पावले. पाच दिवस जाता-येता शेअर रिक्षा सोडली तर तेवढ्यातच दीडशे मिनिटे होतात. मात्र सकाळी इस्त्रीचा शर्ट घामाने भिजतो, गाडी चुकण्याची धास्ती असते, आणि म्हणून बहुतेकांचे सकाळचे चालणे आठवडाभरात बंद पडते. त्यापेक्षा येताना घरी चालत या, कारण तेव्हा घामाची फिकीर नसते. उरलेली मिनिटे ऑफिसच्या टोकाला काढा. टर्मिनसवरून हुतात्मा चौकापर्यंत चालत बारा-पंधरा मिनिटेच लागतात, शेअर टॅक्सीच्या रांगेत तेवढा वेळ तसाही जातो. ऑफिसचे चामड्याचे बूट टेबलाच्या खणात ठेवा आणि प्रवासात जाड तळव्याचे बूट घाला. झिजलेल्या सपाट चपलांवर रोज तीन किलोमीटर चालले की दोन-तीन आठवड्यांत टाच धरते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलेच पाऊल टाचेत चमकते, आणि ‘चालणे मला सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष बहुधा चपलेचा असतो.

ताकदीच्या व्यायामाकडे मात्र जवळजवळ कोणी वळत नाही. चालणे पुरेसे आहे असा समज आहे आणि तो घातक आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. गुडघे, कंबर, रक्तातली साखर या सगळ्यांना मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंचा आधार असतो. यासाठी जिमच लागते असे नाही. घरात एक खुर्ची, स्वयंपाकघराचा ओटा आणि मुलाचे दप्तर असले की झाले.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. हात छातीशी घेऊन तीन अंक मोजत सावकाश बसा, बूड टेकताच उठा. धपकन बसले की अर्धा व्यायाम वाया जातो. उठताना गुडघे एकमेकांकडे वळत असतील, तर पाय थोडे रुंद करा आणि गुडघ्यांची दिशा पावलांच्या बोटांच्या दिशेनेच ठेवा. असे आठ ते बारा वेळा.

मग ओट्याचे जोर. ओटा आधी कोरडा पुसा, ओल्या ग्रॅनाइटवरून तळहात सटकतो. हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद, पाय दोन-अडीच पावले मागे, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखे सरळ. छाती ओट्याच्या कडेपर्यंत न्या आणि परत या. कोपरे दोन्हीकडे पंखांसारखी फाकली की खांदा दुखतो, ती अंगाच्या थोडी जवळच असू द्या. ओटा जड वाटला तर भिंतीपासून सुरुवात करा. ओट्यावर बारा सहज होऊ लागले की पलंगाच्या कडेवर या, मग जमिनीवर.

तिसरा व्यायाम दप्तराचा. त्यात पाच किलोची कणकेची पिशवी घाला. डावा तळहात खुर्चीवर टेकून कमरेतून वाका, पाठ सपाट ठेवा, उजव्या हाताने दप्तर कमरेपर्यंत ओढा आणि हळू खाली सोडा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा. सूर्यनमस्कार आपल्या घराघरांत आहेत, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांचा प्रसार हयातभर केला, आणि व्यायाम म्हणून ते उत्तमच आहेत. पण त्यांत ढकलणे आहे, वाकणे आहे, ओढणे नाही. दिवसभर संगणकापुढे आणि गाडीत मोबाइलवर मान घालून बसलेल्या पाठीला ओढण्याचीच गरज जास्त असते. जे रोज बारा नमस्कार घालतात त्यांनी ते चालू ठेवावेत आणि त्यात फक्त हे दप्तर वाढवावे.

त्यानंतर उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे बारा वेळा, आणि भिंतीला बोटे लावून टाचा उचलणे पंधरा वेळा. पाचही व्यायामांच्या दोन-दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती धरून, अठरा ते वीस मिनिटांत होतात. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. बुधवार आणि रविवार बहुतेकांना सोयीचे पडतात. प्रत्येक फेरी ‘अजून दोन जमले असते’ इथे थांबवा. श्वास कोंडू नका, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी. जोर लावताना श्वास बाहेर सोडावा.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक सांगायलाच हवी. पहिल्या दिवशी उत्साहात पन्नास बैठका मारल्या जातात. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात, तिसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. सवय नसलेल्या स्नायूंचे हे दुखणे साधारण २४ ते ७२ तास राहते आणि आपोआप जाते, त्यात इजा झालेली नसते. पण तेवढ्या तीन दिवसांत व्यायाम सुटतो. म्हणून पहिले दोन आठवडे एकच फेरी करा, अगदी थोडे वाटले तरी.

आता वाईट दिवसाचा हिशेब. खुर्चीवर दहा उठबस, ओट्यावर दहा जोर, वीस वेळा टाचा. तीन मिनिटे लागतात. ज्या दिवशी काहीच जमणार नाही असे वाटते त्या दिवशी एवढेच करायचे आणि तो दिवस पूर्ण झाला असे मानायचे. यातून ताकद फारशी वाढत नाही हे खरे, पण सवय तुटत नाही आणि मुख्य राखायचे तेच आहे. यासाठी घड्याळातली वेळ ठरवू नका, कारण घड्याळ पाळणे आपल्या हातात नसते. रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला व्यायाम जोडा. आंघोळीआधीची वेळ सर्वांत चांगली. गीझर लावला की पाणी तापेपर्यंत आठ-दहा मिनिटे असतात, कपडे बदलायचे नसतात, घाम आला तरी लगेच आंघोळ असते. ज्यांना सकाळ शक्यच नाही त्यांनी रात्रीचा कूकर धरावा. कूकर चढवल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्यापाशी उभे असताच, जोर तिथेच काढा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. २१ दिवसांत सवय लागते हे जे सर्रास सांगितले जाते, त्याने माणसे बाविसाव्या दिवशी खचतात. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणून नियम असा ठेवा: एक दिवस चुकला तर हळहळायचे नाही, पण लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहितो तिथेच, त्याच चौकटीत व्यायामाची एक बारीक फुली मारा. लागोपाठ दोन कोऱ्या चौकटी दिसल्या की तिसऱ्या दिवशी तीन मिनिटे करायचीच.

खाण्याकडे वळताना पथ्याच्या यादीपेक्षा वेळेचे गणित आधी पाहा. डबा एकला उघडतो, रात्रीचे ताट साडेनऊला येते. मध्ये साडेआठ तास जातात, तेवढ्यात दोन कटिंग आणि बिस्किटे. सात वाजता फलाटावर तळणाचा वास आला की वडापाव हातात येतो, आणि साडेसातला संयम दाखवा असे सांगणे अन्यायाचे आहे. उपाय साडेपाचला करायचा. ऑफिस सोडण्याआधी एक मूठ फुटाणे, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम, आणि एक केळे किंवा पेरू. फुटाण्यांतून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, पोट धरून राहते, आणि रात्रीच्या ताटातला भात आपोआप एका वाटीवर येतो. किलोभर फुटाणे आणून खणात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघडे राहिले तर दोन दिवसांत सादळतात आणि मग कोणी खात नाही.

डब्यात खरी उणीव प्रथिनांची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी यांतून जेमतेम दहा-बारा मिळतात. त्याच डब्यात मटकीची उसळ घातली की सात वाढतात, वाटीभर दही दिले की आणखी पाच. ज्यांच्याकडे चालते त्यांना एका उकडलेल्या अंड्यातून सहा मिळतात. पावडरचे डबे घ्यायची गरज बहुतेकांना नाही.

उसळ रोज होत नाही, कारण मोड आणायचे आदल्या दिवशी आठवत नाही. म्हणून ते आठवड्यातून दोनदाच करा. पाव किलो मटकी शनिवारी रात्री भिजत घाला, सकाळी निथळून ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्यात बांधा, दमट हवेत रविवारी रात्रीपर्यंत मोड येतात. फडके चिंब राहिले तर दाण्यांना हवा मिळत नाही, मोड बुळबुळीत होतात आणि आंबूस वास सुटतो. तशी मटकी टाकूनच द्यावी. चांगली आलेली डब्यात कोरडी ठेवून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. कोरड्या पाव किलोतून आठ जणांची एकवेळची उसळ होते. पावसाळ्यात कच्चे मोड खाऊ नका, शिजवूनच खा.

घरात किती तेल, मीठ, डाळ खाल्ली जाते हे ताटावरून कळत नाही, वाण्याच्या यादीवरून कळते. याच संस्थेने २००० कॅलरीच्या ताटासाठी दिलेले रोजचे प्रमाण डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मटण मिळून ८५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत. चार मोठ्या माणसांच्या घराला हे महिन्यावर नेले, तर तेल-तूप मिळून साडेतीन लिटर आणि मीठ ६०० ग्रॅम होते, तेही पापड-लोणच्यातले धरून. डाळी-कडधान्ये शाकाहारी घरात दहा किलो. आपली यादी समोर घेऊन बसा. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल आणि डाळी चार किलोंवर भागत असतील, तर कुठे हात आखडायचा आणि कुठे सोडायचा ते तिथेच दिसते. तेलासाठी ओट्यावर किटलीऐवजी चमचा ठेवा. वरण पातळ करून पुरवण्याऐवजी चौघांत निदान १०० ग्रॅम डाळ शिजवा.

आणि एक गोष्ट कळकळीने. उसळ, अंडे, दही ज्या क्रमाने वाढले जाते त्या क्रमाने संपते, आणि घरातली बाई शेवटी बसते. तिच्या ताटात पोळी, भात आणि पातेल्याच्या तळाची आमटी उरते. नोकरी, प्रवास आणि दोन वेळचा स्वयंपाक करून तिने व्यायामही करावा असे सगळे सांगतात, पण रविवारी भाजी निवडायला, लसूण सोलायला, कणीक मळायला दुसरा हात पुढे आला तरच तिला ती वीस मिनिटे मिळतात. उसळ आधी वाट्यांत मोजून भरा, तिची वाटीही त्यात धरा, मग जेवायला बसा.

पावसाळ्यात चालणे बंद पडले तर जिना वापरा. उपनगरांतल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नसते, तोच व्यायाम समजा. चार मजले चढायला मिनिट-सव्वा मिनिट लागते. तीन ते पाच वेळा चढा. उतरताना कठडा धरून सावकाश, कारण गुडघ्यावर भार उतरतानाच जास्त येतो. ताप आला तर पूर्ण थांबा, भूक परत येईपर्यंत काही करू नका, मग आठवडाभर निम्म्या फेऱ्या करा. दोन आठवडे खंड पडला तरी ताकद फारशी गेलेली नसते, दम कमी झालेला असतो, तो परत येतो. चालताना छातीत दडपल्यासारखे झाले तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर अचानक उतरू शकते. दिवाळीचा फराळ खा, ताटलीत वाढून घेऊन खा, डब्यातून उभ्याउभ्या नको.

वजन रोज पाहू नका. मीठ, पाणी, मासिक पाळी यांनी ते एका दिवसात किलोभर वर-खाली होते आणि विनाकारण धीर सुटतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर पाहा. त्याहून उपयोगाचा शिंप्याचा टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा मोजा. भारतीय पुरुषाचे माप ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचे ८० सेंटिमीटर याच्या आत असावे.

शेवटी दोन विनंत्या. ऑफिसांच्या कॅन्टीनमध्ये साडेपाचला वडे-सामोसे गरम मिळतात, त्यांच्या शेजारी उकडलेली अंडी, चणे आणि केळी ठेवायला जागा लागत नाही आणि खर्चही वाढत नाही. व्यवस्थापनांनी एवढे जरूर करावे. आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे सभेचे दालन वर्षातून एक वार्षिक सभा आणि गणपतीचे दहा दिवस सोडले तर कुलूपबंद असते. जून ते सप्टेंबर हे चार महिने ते रात्री नऊ ते साडेदहा उघडे ठेवावे, पंखा आणि एक ट्यूबलाइट चालू राहू द्यावी, आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी न ठेवता वॉचमनकडे ठेवावी.

आपले विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट आणि एक आहारतज्ज्ञ
डोंबिवली (पूर्व)